‘आधी’चा पाय

७ नोव्हें., शुक्र.

आज जे केलं ते करायला नको होतं. तोंडाने कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आई दुपारची मच्छी विकून मार्केटातून आली, जेवली, पडवीत कुशीवर आडवी झाली. अंगात तो पिवळा गाऊन, हिरव्या पोपटांचा. पाय माझ्याकडे. मी मोबाईल काढला आणि तिच्या पायांचे सात फोटो मारले. टाचांचे, अगदी जवळून. ती घोरत होती. विचारलं नाही. विचारलं असतं तर चप्पल मिळाली असती, फोटो नाही.

कशाला, तर शोभाकाकीच्या जाहिरातीला. काकी आमच्या वाडीच्या बचत गटाची अध्यक्ष. गटाच्या बायका कोकमाच्या बियांचं तेल काढतात आणि त्याच्या वड्या पाडतात, टाचांच्या भेगांना लावायला. हे तेल इथे प्रत्येक घरात करवंटीत पडलेलं असतं, विकत कोण घेणार? बायकांना टीव्हीवरचं क्रीम पाहिजे. म्हणून काकीने डबी केली, डबीला नाव दिलं ‘मऊ पाऊल’ आणि आता तिला बोर्ड पाहिजे. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’.

‘आधी’चा पाय आणू कुठून विचारलं तर म्हणते, बाजारात जा की, पायच पाय आहेत. बाजारात बसून बायकांच्या पायांचे फोटो काढले तर पोलीसच नेतील मला.

घरातच होता.

८ नोव्हें., शनि.

दिवसभर दुकानात बसून पाय बिघडवला.

दुकान इम्रानभायचं. बारा वर्षं कुवेतला होता, परत आला आणि फ्लेक्सचं मशीन टाकलं. दहावीने मला दोनदा हाकललं, इम्रानभायने ठेवून घेतलं. (पुढे इ.भा. लिहीन, हात दुखतो.) वाढदिवस, श्रद्धांजली, सेल, सगळ्यांचे चेहरे माझ्या हाताखालून जातात. बाई असली की न सांगता गोरी करायची, गळ्याच्या वळ्या काढायच्या, मुरूम पुसायचे. त्याला मला आता बघावं पण लागत नाही, हात आपोआप चालतो.

आज पहिल्यांदा उलटं काम. इ.भा. म्हणाला, भेगा दिसत नाहीत रे, गाडीवरून जाणाऱ्याला काय कळणार? वाढव. वाढवल्या. चार होत्या त्या अकरा केल्या. आत काळं भरलं. कडेला पांढरी साल सोलवटून ठेवली. टाच पिवळी केली. मजा आली, खोटं कशाला बोलू.

मग डोक्यात आलं, कोणी ओळखला तर? आईच्या घोट्याखाली शिंगाळा माशाच्या काट्याची जुनी खूण आहे, जांभळी, चवळीच्या दाण्याएवढी. आणि तिची करंगळी वाकडी, शेजारच्या बोटावर चढून बसलेली. बाजारातल्या सगळ्यांना माहीत. खूण पुसली. करंगळी सरळ केली.

म्हणजे आईचं होतं ते काढलं आणि नव्हतं ते घातलं. इ.भा. लांब उभा राहून बघून म्हणाला, हां, आता झाला ‘आधी’.

११ नोव्हें., मंगळ.

‘नंतर’चा पाय. इ.भा.ने घरी बायकांना विचारलं, नकार आला. काकी म्हणाली माझा घे. काकीचा पाय बघून मी विषय बदलला.

शेवटी मोबाईलवरच्या एआयला सांगितलं, बाईचा पाय दे, गोरा, मऊ, पैंजण घातलेला. दोन मिनिटांत दिला. पाय असा की चालायला केलेलाच नाही. टाचेवर एक रेघ नाही. जन्मल्या दिवशी असतो तसा, फक्त मोठा.

काकी खुर्ची ओढून कितीतरी वेळ त्या पायाकडे बघत बसली. मग म्हणाली, माझा असा होता हां, लग्नात.

मी मान हलवली.

१३ नोव्हें., गुरु.

बोर्ड लागले. एक जेटीच्या वळणावर, एक एसटी स्टँडजवळ. जेटीच्या बोर्डाखाली उभा राहिलो तर आईची टाच माझ्यापेक्षा उंच. एकेका भेगेत माझा हात कोपरापर्यंत जाईल.

पण कोण बघतंय? लोक फ्लेक्स बघतच नाहीत. गणपतीत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर शुभेच्छुकांच्या रांगेत मी आमचा बोका घातला होता. खाली नाव ‘मा. बाळूशेठ’. बारा दिवस लटकला. कोणी हसलं नाही. उलट एकाने इ.भा.ला विचारलं, हे बाळूशेठ कुठल्या वॉर्डातले?

घरी आई म्हणाली, शोभाचा बोर्ड लागला म्हणे, तूच केलास काय. म्हटलं हो. म्हणाली, बघते उद्या.

१६ नोव्हें., रवि.

दुकान उघडतोय तोच फणसोपहून एक बाई आली, मासे विकणारी, तोंडओळखीची. विचारते, माझ्या पायाचा फोटो कोणी काढला? इ.भा. म्हणाला, मावशी, तो तुमचा नाही. तर तिने चप्पल काढली आणि पाय सरळ काउंटरवर ठेवला, आदल्या दिवशी छापलेल्या लग्नाच्या फ्लेक्सवर. नवरा-नवरीच्या मधोमध.

मी बघितला तो पाय. साध्या दोन-तीन भेगा. बोर्डावरच्याच्या जवळपास पण नाही. म्हटलं, मावशी, तुमचा कितीतरी बरा आहे.

“आज धुतलाय म्हणून,” ती म्हणाली. “एरवी तसाच दिसत असणार. मला मागून कुठे दिसतो?”

इ.भा.ने चहा पाजून पाठवली. संध्याकाळी कळलं, काकीकडे पण तिघी जाऊन भांडून आल्या. प्रत्येकीचा दावा, तो पाय तिचाच. आणि भांडून झाल्यावर तिघींनी डबी घेतली.

गंमत म्हणून इ.भा.ला सांगत होतो, मग सांगता सांगता हसू गेलं. खूण पुसली म्हणून तो आईचा राहिला नाही, हे बरोबर. पण कोणाचाच न राहता तो सगळ्यांचा झाला. हे मी धरलं नव्हतं.

आईला बोर्ड बघितला काय विचारलं, तर म्हणाली, बघितला. भाकरी वाढली.

१८ नोव्हें., मंगळ.

सकाळी मागीलदारी गेलो तर आई धुण्याच्या दगडावर बसून जांभ्या चिऱ्याच्या तुकड्याने टाच घासत होती. रोज घासतात तसं नाही. भांड्याला करपलेलं काढतात तसं. खाली पाणी लाल.

चिऱ्याचं लाल पाणी असतं, मला माहीत आहे. लहानपणापासून बघतोय. तरी मी खाली वाकून बघितलं, फक्त चिऱ्याचंच आहे काय ते.

मला बघून तिने गाऊन पायांवर ओढला. हा दुसरा गाऊन होता, निळा.

२१ नोव्हें., शुक्र.

उंबऱ्यात नवीन पायपुसणं. पिवळं. हिरवे पोपट.

आधी पाय पुसले, मग कळलं.

धावत जेटीच्या वळणावर गेलो. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, ‘आधी’च्या घोट्यामागे, गाऊनची कड. चार बोटं रुंद. अर्धा पोपट. सगळं पुसलं मी, ते राहिलं. रोज त्याच्याखालून जात होतो.

म्हणजे तिला पहिल्याच दिवशी कळलं. आणि तिने मला काही विचारलं नाही. गाऊन फाडला, चार पदरी शिवला आणि उंबऱ्यात टाकला. चांगला होता गाऊन, दिवाळीचा.

२४ नोव्हें., सोम.

घरात लग्नाची गडबड. दादाचं लग्न ५ तारखेला. दादा बोटीवर इंजिन बघतो, बाबा त्याच बोटीवर तांडेल, बोट हाकतात. नवरी नाटे गावची, तिच्या घरी पण बोट आहे. सगळं छान जुळलंय.

आज आई बाजारातून मोजे घेऊन आली. अंगाच्या रंगाचे, पातळ, स्कूटरवाल्या बायका घालतात ते. घातले आणि घरातच फिरायला लागली. स्वयंपाकघरात, मोजे घालून. दादा हसला, म्हणाला, आई, एअर होस्टेस झालीस काय. ती हसली नाही.

जेवताना दादाला म्हणाली, नाट्याला कळव, विहिणीचे पाय धुवायचं काय ते नको. हल्ली कोण करतंय.

आमच्यात नवरीची आई नवऱ्याच्या आईला पाटावर बसवते आणि परातीत पाय धुते, सगळ्यांसमोर. काकूच्या वेळी, आत्याच्या वेळी, सगळ्यांच्या वेळी झालं. आजी नव्हती तेव्हा, म्हणून आई स्वतः आत्याच्या सासूचे पाय धुतलेली आहे, त्याचा फोटो आहे भिंतीवर. आणि आता हल्ली कोण करतंय.

दादाला कळेना. मला कळलं. मागच्या सोमवारी वाडीतल्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो, तिथे हॉलमध्ये एलईडी स्क्रीन होती. पाय धुताना कॅमेरावाल्याने नेमका तिथेच झूम केला. त्या बाईचे पाय होडीएवढे दिसत होते भिंतीवर. आई माझ्या बाजूला बसली होती. तिने आपले पाय खुर्चीखाली घेतले होते. तेव्हा लक्षात आलं नाही.

आपल्या हॉलला पण तीच स्क्रीन ठरवली आहे. मीच ठरवली. माझा मित्र आहे तो.

२६ नोव्हें., बुध.

नाट्याहून फोन. दादाने स्पीकरवर घेतला. विहीणबाय आधी गोड बोलली, मग आवाज बदलला. तिने तांब्याची नवी परात आणून ठेवली आहे म्हणे, राजापूरवरून. आमच्या हातून पाणी पण चालणार नाही काय तुम्हाला, म्हणाली. पोरीत काही खोट दिसली असेल तर आता सांगा.

दादा पांढरा पडला. आईने फोन घेतला, तसं काही नाही हो, म्हणाली, माझी कंबर दुखते, पाटावर बसवत नाही. तिकडून उत्तर, खुर्चीवर बसा.

आई म्हणाली, बघते.

ती बाजारात पहाटेपासून दुपारपर्यंत पाटावरच बसते. हे नाट्याला पण माहीत आहे.

दादा मला बाहेर नेऊन विचारतो, सुऱ्या, आईला मुलगी आवडली नाही काय? तुला काही बोलली? म्हटलं नाही. त्याचा चेहरा बघून सांगणार होतो. नाही सांगितलं. एवढ्या लोकांच्या खोड्या काढल्या, पकडलो गेलो तर हसून कबूल केलं. ह्या वेळी हसायला येत नाही, म्हणून कबूल पण करता येत नाही.

२९ नोव्हें., शनि.

काकीला म्हटलं, बोर्ड काढूया, लोकांना आवडत नाही. काकीने मला वेड्यात काढलं. दोन वेळा माल संपला. चिपळूणचा एक दुकानदार बोर्डासकट डब्या मागतोय. बायका बोर्ड दाखवून सांगतात, हा असा पाय नको, तो तसा पाय पाहिजे. काकी म्हणाली, तुझ्या हातात जादू आहे रे.

इ.भा.ला खरं सांगितलं. एवढंच सांगितलं की तो पाय ओळखीच्या बाईचा आहे आणि तिला वाईट वाटलंय. त्याने मशीन बंद केलं. मग म्हणाला, भेगा तू मारलेल्या आहेत हे तिला माहीत आहे काय?

नाही.

“म्हणजे ती समजते की तसाच आहे.”

हो.

आता हे लिहिताना कळतंय की मी नेमकं काय केलं. आई रोज आपल्या पायांवर उभी राहते. वाकली की तिला दिसतात. तरी तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बोर्डावर विश्वास ठेवला. फोटो आहे म्हणजे खरंच असणार. आपल्याला दिसतो तो नाही, लोकांना दिसतो तो खरा पाय. आणि तो लोकांना दिसणारा पाय मी माऊसने काढलाय, चहा पीत पीत.

टाचा घासून घासून तिला आता धड चालवत नाही. मोज्यावर डाग.

१ डिसें., सोम.

आज झालं.

दुपारी आई मागच्या पडवीत बोंबील साफ करत होती. मी आपला पाणी प्यायला गेलो. ती वर न बघता म्हणाली, सुऱ्या, त्या गोऱ्या पायाला सहा बोटं आहेत.

मी म्हटलं, कुठल्या.

“शोभाच्या बोर्डावरच्या. जाताना मोजली, येताना मोजली. माशांचे वाटे लावणारी बाई आहे मी, मला मोजता येतं.”

मी मोबाईलवर फाईल उघडली. सहा. अंगठा धरून सहा, स्वच्छ. मी बघितला, इ.भा.ने बघितला, काकी किती वेळ बघत होती. अख्खं शहर अठरा दिवस त्याच्याखालून गेलं आणि तसा पाय मागत होतं.

मग तिने कोयता खाली ठेवला. म्हणाली, “तिला एक बोट जास्तीचं चिकटवलंस. मग मला काय काय चिकटवलंस?”

सगळं सांगितलं. झोपेत काढला तिथपासून. अकरा भेगा, काळं, पिवळं, सगळं. ती ऐकत होती. मूळ फोटो दाखव म्हणाली. तिचे हात माशाचे, म्हणून मीच बोटांनी मोठा करून दाखवला. टाच बघितली. भेगा मोजल्या, चार. मग म्हणाली, वर घे, घोटा दाखव.

“ही शिंगाळ्याची. बोर्डावर दिसली नाही ती.”

म्हटलं, पुसली. ओळखू नये म्हणून.

म्हणाली, “ती तुझ्या वेळची आहे. सातवा महिना होता. टोपलीतून शिंगाळा पडला पायावर. तू पोटात म्हणून डॉक्टर औषध देऊ की नको करत राहिला. दोन दिवस पाय भोपळ्याएवढा होता. भेगा वाढवल्यास ते ठीक, मेल्या. ती कशाला पुसलीस?”

मी मोबाईल खिशात ठेवला.

जरा वेळाने म्हणाली, “मी दोन आठवडे घासत होते. तुला दिसत नव्हतं?”

म्हटलं, दिसत होतं.

मग चप्पल फेकली. खांद्याला लागली. खरं सांगतो, बरं वाटलं. बोंबील तिने मलाच साफ करायला बसवले.

२ डिसें., मंगळ.

आईने शोभाकाकीला घरी बोलावलं. मला वाटलं आता भांडण. काकीला पण तसंच वाटलं, ती डबी घेऊन आली होती, भेट म्हणून. मी तोंडाने सगळं सांगितलं, काकीसमोर परत. काकी खाली बसली. पहिलं वाक्य, सहा बोटं? दुसरं, कोणाला सांगू नको हं.

आई म्हणाली, बोर्ड काढू नको. खरा फोटो लाव.

काकी म्हणाली, अगो, भेगा असलेला पाय लावून तेल कोण घेणार?

“मी लग्न झाल्यापासून हेच तेल लावते. भेगा गेल्या काय? बर्फात, मिठाच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईच्या जातात काय कधी? भेगा राहतात. ठणका जातो. तेल लावलं की झोप लागते, तेवढंच सांग की. ते काय कमी आहे?”

काकीने आपल्या पायाकडे बघितलं. मग आईच्या मोज्यांकडे. काकीने हातातली डबी खाली ठेवली. मग काकी म्हणाली, जेटीवरचा एक बदल. स्टँडवरचा राहू दे, बघू कुठल्याने खपतंय. तिथलं सहावं बोट तेवढं काढ.

काकी ती काकीच.

आईची एकच अट. पाय कोणाचा ते कोणाला कळता कामा नये. काकीने शपथ घेतली. मी पण.

उठताना मी आईला विचारलं, मग नाट्याला कळवू, की परात आणा? म्हणाली, ते वेगळं. त्यात पडू नको तू.

३ डिसें., बुध.

फाईल केली. काहीच केलं नाही म्हणजे. फोटो उघडला, ठेवला. हात सारखा माऊसकडे जात होता. टाचेवर एक सावली होती ती उजळावी, नख जरा स्वच्छ करावं. हात मांडीखाली दाबून बसलो. गाऊनची कड तेवढी कापली, आईनेच सांगितलं होतं. बाकी करंगळी चढलेलीच, खूण जांभळीच.

खाली आईचंच वाक्य, जसंच्या तसं. भेगा राहतात. ठणका जातो. ‘आधी’ नाही, ‘नंतर’ नाही.

इ.भा. मशीनमधून निघताना बघत होता. कोणाचा विचारलं नाही त्याने. म्हणाला, माझ्या अम्मीचा असाच होता. मी विसरलोच होतो.

दुपारी चढवला. मासे घेऊन चाललेल्या दोघी थांबल्या. एकीने मान वाकडी करून बघितलं. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. ती दुसरीला म्हणाली, शिंगाळा लागलेला दिसतोय बिचारीला. आणि गेल्या.

ह्यावेळी कोणी भांडायला आलं नाही.

४ डिसें., गुरु.

हळद. घरात पाय ठेवायला जागा नाही.

नाट्याची माणसं सकाळीच सामान घेऊन आली, त्याच वळणावरून. विहीणबाय चहा पिताना म्हणाली, तो पायाचा बोर्ड कोणी लावला हो तुमच्याकडे? आमची गाडी जरा थांबलीच. खरा पाय आहे तो. मी माझ्या धाकटीला म्हटलं, बघ, हे बघ.

काय बघ, ते तिने सांगितलं नाही. बशी खाली ठेवताना तिने स्वतःचा पाय जरा पुढे काढून बघितला.

आई समोर बसली होती. मोजे घालून. शोभाकाकी शेवया वाढत होती, तिच्या हातून डाव खाली पडला.

दादाने मला कोपऱ्यात विचारलं, परातीचं काय ठरलं? म्हटलं, मला पण माहीत नाही. आई आणि विहीणबाय मघाशी बोलत होत्या, पण हसत होत्या की नाही ते लांबून कळलं नाही.

आता हे अवघड झालंय. आई पाटावर बसली आणि स्क्रीनवर पाय आला, तर करंगळी, खूण, सगळं तिथेच. बाजारातल्या पन्नास बायका हॉलमध्ये असणार आणि त्या सगळ्यांनी बोर्ड बघितलाय. एका क्षणात कळेल. आणि नाही बसली, तर नाट्याची माणसं कायमची मनात धरतील की ह्यांना आमच्या हातचं पाणी चाललं नाही, आणि ते नव्या वहिनीला आयुष्यभर पुरेल.

स्क्रीनवाल्या मित्राला फोन करायला नंबर काढला. पाय धुताना गणपतीचा फोटो लावून टाक म्हणणार होतो. मग फोन ठेवला. तिला न विचारता एकदा केलंय.

५ डिसें., शुक्र. हॉल, वरपक्षाची खोली

पटकन लिहितो. बाहेर वाजंत्री सुरू आहे.

सकाळी आईने नवी साडी नेसली. निघायच्या आधी पडवीत बसली, मोजे काढले, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. जवळ ठेव, म्हणाली. लागले तर मागेन.

म्हटलं, मित्राला काही सांगू काय, कॅमेऱ्याचं?

“काय सांगणार?”

काही नाही म्हटलं.

टाचा बऱ्या झाल्यात जरा. तेल लावलेलं होतं, करवंटीतलं. डबी तशीच फळीवर.

आता दाराच्या फटीतून दिसतंय. पाट मांडला. नाट्याची परात आली, चकचकीत, एवढी मोठी की त्यात सुरमई मावेल. विहीणबाय पदर खोचून उभी आहे. स्क्रीनवर सध्या दादाचा चेहरा, घाम पुसतोय. आई पाटापासून दोन हातांवर उभी आहे, साडी पायघोळ, पाय दिसत नाहीत. तिने आत्ता ह्या खोलीकडे बघितलं. माझ्या शेरवानीच्या खिशात मोजे आहेत. हात आत घालून धरून बसलोय. ती हाक मारते की पुढे पाऊल टाकते, काही कळत नाही.

जो कोण हे वाचतोय त्याला सांगतो. जेटीच्या बोर्डावरचा पाय कोणाचा, ते कोणाला सांगू नका. तिने स्वतःच दाखवला तर गोष्ट वेगळी, पण तोपर्यंत नाही. आणि ह्या मोज्यांचं तर कधीच नाही, दादाला पण नाही, नाट्याला तर मुळीच नाही. पाया पडतो.